टेकडीवरचे काळे शीड

नवऱ्याला मातीत ठेवून जेरुशा डोनला अजून वर्ष झाले नव्हते. १८०८ सालच्या मे महिन्यातल्या एका सकाळी तिने दुर्बिणीची काच एप्रनने पुसली, पुन्हा डोळ्याला लावली आणि श्वास रोखून उभी राहिली.

दक्षिणेला पाण्याच्या कडेवर दोन डोलकाठ्या उभ्या होत्या. पुढच्या शिडावर डाव्या अंगाला फिकट ठिगळ होते. ते ठिगळ लावताना तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, सव्वीस महिन्यांपूर्वी, खाली धक्क्यावर. 'अल्माइरा' आली होती. त्या गलबतावर दुय्यम अधिकारी म्हणून जेरुशाचा मुलगा होता, एल्काना.

टेकडीवरच्या या घराचे काम एकच. क्विंबीच्या बंदरात ज्यांची ज्यांची गलबते होती, त्या प्रत्येक मालकाचे एकेक निशाण घरातल्या कपाटात घडी घालून ठेवलेले असे. गलबत दिसले की त्याच्या मालकाचे निशाण टेकडीवरच्या खांबावर चढवायचे. टेकडीच्या पाठीशी वसलेल्या गावाला समुद्र दिसत नसे, निशाण दिसे. मग बायका चुलीवर पाणी चढवत, पोरांची तोंडे धूत, आणि ज्यांचे माणूस त्या गलबतावर नसे त्या खिडकीतून बाजूला होत. दहा वर्षे हे काम जेरुशाच्या नवऱ्याने, हेमनने केले. तो गेल्यावर मालकांनी सरपण आणि छप्पर यांच्या बदल्यात ते जेरुशाकडेच राहू दिले.

पण डिसेंबरपासून कपाट उघडायची वेळच आली नव्हती. अध्यक्ष जेफर्सननी कायदा केला होता की अमेरिकेच्या बंदरातून एकही जहाज परदेशी जाणार नाही. इंग्रज आणि फ्रेंच आपल्या लढाईत अमेरिकेची गलबते धरत होते, खलाशी पळवत होते, म्हणून त्यांना माल न देऊन वठणीवर आणायचे, असा तो बेत. बेत राजधानीत ठरला आणि क्विंबीच्या धक्क्याला नऊ गलबते बांधून पडली. पाऊस आत मुरू नये म्हणून डोलकाठ्यांच्या टोकांवर डांबराची पिंपे उपडी घातली होती. लोक त्यांना अध्यक्षांच्या टोप्या म्हणत. त्या विनोदाला जानेवारीत लोक हसले होते.

जे गलबत बंदरात येई ते अडके. बाहेर असे ते सुटे. म्हणून 'अल्माइरा'चे मालक, गावच्या प्रार्थनेच्या घराचे डीकन म्हणजे कारभारी ओबेड क्रॉवेल, यांनी कप्तानाला वेस्ट इंडीजमध्ये पत्र पोचवले होते. पाहिजे तर मे महिन्यात घराजवळून जा, तोवर बंदी उठलेली असेल. उठली नसेल तर टेकडीवरच्या घराच्या समुद्राकडच्या कठड्यावर काळे शीड टांगलेले दिसेल. दिसले की आत यायचे नाही. तसेच उत्तरेला, इंग्रजांच्या मुलखातल्या हॅलिफॅक्सला जायचे आणि परक्या बंदरांत माल वाहत राहायचे.

हे जकातीच्या माणसाला कळता कामा नये, म्हणून शीड समुद्राच्या बाजूलाच, आणि गलबत दिसेल तेवढ्याच वेळेपुरते. गावात ही गोष्ट माहीत होती ती फक्त डीकनना आणि जेरुशाला.

"तुमचा मुलगा आहे त्यावर," मार्चमध्ये डांबरलेला तो शिडाचा तुकडा तिच्या हाती देताना डीकन म्हणाले होते. "मी दुसऱ्या कुणाला सांगू शकतो, डोनबाई. तुम्ही नुसतं गलबत दिसल्याचं कळवा."

"दुसरा कोण ओळखेल ते गलबत इतक्या लांबून?" ती म्हणाली होती. "ठेवा इथं."

तो तुकडा आता खाटेखाली होता. तिने तो ओढून काढला. मग लगेच उठली नाही. गुडघ्यांवर तशीच बसून राहिली, हाताला डांबराचा वास येत होता. खिडकीतून ते ठिगळ दुर्बिणीशिवायही दिसण्याइतके जवळ आले होते.

सव्वीस महिने. त्याला बाप गेल्याचेही ठाऊक नव्हते. तिने दुसऱ्याकडून लिहवून दोन पत्रे धाडली होती, एक स्पेनमधल्या काडिझला, एक इटलीतल्या लेगहॉर्नला. ती पोचल्याचे काही आले नव्हते. आज शीड खाटेखालीच राहिले तर संध्याकाळी तो या टेबलाशी बसेल. आणि अकरा माणसे, डीकनचे शेवटचे सुटे गलबत, सगळे इतर नऊंसारखे खुंट्याला बांधले जाईल.

ती उठली. बाहेर गेली आणि शीड कठड्यावर टांगले.

वारा समुद्रावरून येत होता. कापड कठड्याला चिकटून बसे, मध्येच गुंडाळले जाई. गलबत तोंड वळवीना. घटकाभर तिने वाट पाहिली. मग तिला वाटले, यांना दिसत नसावे, आणि ती कठड्याला पाठ लावून समुद्राकडे तोंड करून उभी राहिली, शिडाची दोन्ही वरची टोके दोन्ही हातांत धरली आणि हात पसरून ते ताणून धरले. खांदे दुखून आले. एकदा तिने ते झटकलेही, अंथरूण झटकावे तसे.

'अल्माइरा' तशीच येत राहिली. दीपगृहाच्या खडकाशी येऊन गलबताने आपली शिडे उतरवायला घेतली, तेव्हा जेरुशाने हात खाली केले. आता काही उपयोग नव्हता. तिने तुकडा घडी करून खाटेखाली सारला, कपाटातून डीकनचे हिरवे-पांढरे निशाण काढले आणि खांबावर चढवले. दोर तिने एका दमात वर ओढला, आणि मनात निव्वळ दुःखच होते असे ती छातीवर हात ठेवून म्हणू शकली नसती.

*

धक्क्यावर सगळा गाव लोटला होता. जकातीचा माणूस वही काखेत मारून सगळ्यांच्या पुढे उभा होता.

एल्काना फळीवरून उतरला. रुंद झाला होता, हनुवटीवर एक नवा व्रण होता. त्याने गर्दीत कुणाकडे पाहिले नाही, सरळ तिच्याकडे आला.

"बाबा?" त्याने विचारले.

"गेल्या जूनमध्ये," जेरुशा म्हणाली. "वाटाण्याला फुलं आली होती तेव्हा."

त्याने मान हलवली. तो दचकला नाही. उत्तर ठाऊक असलेल्या माणसासारखी त्याने मान हलवली, आणि तिला वाटले, पत्र पोचले असेल.

"त्रास झाला?"

"तीन दिवस. चौथ्या दिवशी नाही."

त्याने तिचा हात धरला. त्याच्या तळव्याला दोरांनी घट्टे पडले होते, बापाच्या पडले होते तिथेच. दोघे तसेच उभे होते तोवर डीकनच्या घरचा गडी आला. डीकननी तिघांनाही बोलावले होते, कप्तानाला, एल्कानाला आणि डोनबाईला.

डीकनच्या बैठकीत शेकोटी पेटलेली नव्हती. डीकन उभेच होते. कप्तान रूफस निकरसन खुर्चीत बसून गुडघे चोळत होता. सत्तरीला आला होता तो. डोळ्यांत दुधाळ पडदे चढलेले कुणालाही दिसले असते.

"पत्र मिळालं होतं ना तुम्हाला?" डीकननी विचारले.

"मिळालं होतं. पाठ होतं मला," कप्तान म्हणाला. "म्हणूनच तर एल्कानाला दुर्बीण घेऊन वर चढवलं. माझ्या डोळ्यांचं काय झालंय ते काही लपून नाही, ओबेड. पण याचे डोळे म्हणजे ससाण्याचे. दोनदा विचारलं मी खालून. दोनदा म्हणाला, टेकडी मोकळी आहे."

डीकन एल्कानाकडे वळले. "मोकळी होती?"

"हो," एल्काना म्हणाला.

जेरुशाने मुलाकडे पाहिले. तो हातातली टोपी फिरवत होता. एक फेरा, दुसरा फेरा. टोपीची कड पुन्हा तिथल्या तिथे आली तरी त्याने डोळे वर केले नाहीत.

तिचे खांदे अजून दुखत होते.

"डोनबाई," डीकन म्हणाले, "शीड लावलं होतं ना तुम्ही?"

या किनाऱ्यावर माणूस दारू पितो, भांडतो, उधार बुडवतो, तरी त्याला पुन्हा काम मिळते. पण डोलकाठीवर चढून जे दिसले ते खाली सांगितले नाही, अशा माणसाला कोणी गलबतावर घेत नाही. कप्तान निकरसनच्या भावाचे गलबत तशा एका टेहळ्यापायी खडकावर गेले होते. हेमनने ती गोष्ट एल्कानाला लहानपणी कितीदा तरी ऐकवली होती.

"नाही," जेरुशा म्हणाली. "विसरले."

कप्तानाने गुडघे चोळणे थांबवले.

"विसरलात," डीकन म्हणाले.

"पोराचं गलबत दिसलं आणि काही सुचलं नाही मला."

डीकन तसे वाईट मनुष्य नव्हते. ते खिडकीपाशी गेले आणि बाहेर धक्क्याकडे बघत बोलले, म्हणजे तिच्या तोंडाकडे बघून बोलावे लागू नये. "अकरा वर्षांत तुमच्या घरातून एक निशाण चुकलं नाही, बाई. मी एकटा असतो तर गिळलं असतं हे. पण उद्या बाकीचे मालक विचारतील, टेकडी अशा माणसाच्या हाती कशी ठेवायची. महिनाअखेर घर मोकळं करा."

"करते."

एल्कानाच्या हातातली टोपी थांबली होती. त्याने तोंड उघडले. जेरुशाने त्याच्या बाहीला हात लावला, जेमतेम लावला, आणि म्हणाली, "चल. भूक लागली असेल तुला."

*

महिनाअखेरीला एल्काना तिची पेटी खांद्यावर घेऊन टेकडी उतरला. खालच्या गल्लीत हिटी सीअर्स नावाची तिची जुनी मैत्रीण मीठ वाळवण्याच्या कामावर होती. तिच्या माडीवर एक खोली रिकामी होती. खिडकी गावाकडे उघडे. समुद्र दिसत नसे, ऐकू येई.

हिटीचा नवरा 'अल्माइरा'वर सुतार होता.

"तू विसरलीस म्हणून सगळे तुला नावं ठेवतात," हिटी जिन्यात उभी राहून मोठ्याने म्हणाली, म्हणजे खालच्यालाही ऐकू जावे. "मी म्हणते, बरं केलंस. दोन वर्षांनी नवरा घरी आला. आठ दिवस काय लाड केले मी त्याचे. आता तो सकाळपासून माझ्या चुलीपाशी बसतो आणि मी मासा कसा शिजवावा ते मला शिकवतो. त्याचं काय करू तेवढं सांग."

"त्याला बाहेर मिठाच्या वाफ्यांवर ने."

"नेलं होतं. तिथं तो मला मीठ शिकवतो."

खालून सुतार म्हणाला, "ऐकतोय मी."

"ऐकण्यासाठीच बोलतेय."

जेरुशा हसली. त्या उन्हाळ्यात ती हसली ती बहुतेक तेवढीच वेळ. रस्त्यात बायका तिला बघून बोलायच्या थांबत. काहींची माणसे तिच्यामुळे घरी आली होती, आणि जुलै लागता लागता त्यांच्याच घरांत पिठाचा डबा खरवडला जाऊ लागला होता. प्रार्थनेच्या घरात तिच्या बाकावर दोन जागा मोकळ्या सुटत. तिला कोणी टाकून बोलले नाही. कोणी बोललेच नाही. टेकडीवर आता डीकनच्या मेहुण्याला ठेवले होते. तो दिवसभर झोपे, तरी काही बिघडत नव्हते. यायला गलबतच नव्हते.

एल्काना सकाळी धक्क्यावर जाई आणि तिथे बसलेल्या माणसांत बसे. कधी कोणाचे छप्पर शाकारून देई, कधी कालवे खणून आणी. संध्याकाळी दोघे मक्याच्या पावावर काकवी घालून समोरासमोर खात. तो तिच्याशी परक्या घरातल्या पाहुण्यासारखा वागे. ताट स्वतः विसळी. खुर्ची सरकवताना आवाज होऊ देत नसे. ती विचारी, खारे मासे आणखी हवेत का. तो म्हणे, नको, पुरेत. सव्वीस महिने ती या टेबलाची वाट बघत होती, आणि आता टेबल होते, तो होता, आणि मध्ये हात पोचणार नाही एवढी जागा होती.

सप्टेंबरात एका संध्याकाळी त्याने चमचा खाली ठेवला.

"आई, त्या दिवशी मी डोलकाठीवरून..."

"कालवण गार होतंय," जेरुशा म्हणाली.

"मला बोलू दे एकदा."

"झालं ते झालं. मी विसरले, तुला घर मिळालं. बोलण्यासारखं काय आहे त्यात? जेव."

तिने मान खाली घालून पावाचा तुकडा काकवीत बुडवला. तिला वाटत होते, आपण त्याला सोडवतोय. शब्द तोंडाबाहेर पडला की तो खरा होतो, मग तो उद्या हिटीच्या कानी जाईल, परवा डीकनच्या. न पडला तर नुसती जेरुशाच विसरभोळी राहील, आणि ते तिला झेपत होते.

त्याने चमचा उचलला आणि ताट संपवले.

ऑक्टोबरात पहिले दव पांढरे पडले तेव्हा तो निघाला. गावातली आणखी चार माणसे चालली होती, उत्तरेला जंगलातून, सरहद्द ओलांडून हॅलिफॅक्सला. इंग्रजांच्या गलबतांवर काम होते. कायद्याने जाऊ नये असे होते, पण चालणाऱ्याला कोण अडवतो.

"किती दिवसांची वाट आहे?" तिने विचारले.

"तीन आठवडे. जास्ती लागतील."

"मोजे दुहेरी घाल."

"घालतो." उंबऱ्यावर तो थांबला. तिला वाटले, तो पुन्हा ते सुरू करतोय, म्हणून तिने त्याच्या कॉलरवरचा दोरा काढल्यासारखे केले. दोरा नव्हता. तो वाकला, तिच्या कपाळाला ओठ लावले आणि जिना उतरला. खाली हिटीचा आवाज आला, "पोरा, हा पाव घेऊन जा, आणि तिकडच्या राजाला सांग, आमचा सुतार हवा असेल तर फुकट देते." त्यावर तो काय म्हणाला ते जेरुशाला ऐकू आले नाही.

*

१८०९ सालच्या मार्चमध्ये, जेफर्सनच्या कारकिर्दीच्या शेवटच्या दिवसांत, बंदी उठली. धक्क्यावर पिंपे उतरवण्याचा खडखडाट दोन दिवस चालला होता. एप्रिलच्या सुरुवातीला डीकन क्रॉवेल हिटीच्या जिन्याने धापा टाकत वर आले. त्यांच्या हातात एक कागद होता.

"हॅलिफॅक्सहून आलाय," ते म्हणाले. "मला लिहिलाय. पण मला वाटतं तुमचा आहे."

तिने डोळे बारीक करून पाहिले. छापलेले तिला वाचता येई, हाताने लिहिलेले लागत नसे. "तुम्हीच वाचा."

डीकननी चष्मा लावला. "'डीकन क्रॉवेल यांस. त्या दिवशी शीड लागलेलं होतं. मला लांबूनच दिसलं. दुर्बिणीतून पाहिलं तर आई ते हातांनी ताणून धरून उभी होती. टेकडीवरचं काम बाबांचं. आई एकटी दिसली, बाबा कुठेच दिसले नाहीत. कप्तान खालून विचारत होते आणि मी बाबांना शोधत होतो. ते दारातून येतील म्हणून थांबलो. आले नाहीत तेव्हा मी म्हणालो, टेकडी मोकळी आहे. आईला असं एकटीला सोडून मला पुढं जाता आलं नाही. ती विसरली नव्हती. हे मी तिला सांगायला गेलो होतो, तिने सांगू दिलं नाही. तिची टेकडी तिला परत द्यावी. एल्काना डोन.'"

जेरुशा खुर्चीत होती तशीच बसून राहिली. तिचे दोन्ही हात मांडीवरून किंचित वर आले, काही धरल्यासारखे, आणि पुन्हा खाली गेले.

खाली रस्त्यावर कोणीतरी पिंप गडगडवत नेत होते. ते लांब जाईपर्यंत डीकन थांबले.

"माझा मेहुणा कामाचा नाही," ते म्हणाले. "गलबतं सुटतायत. उद्यापासून टेकडी तुमची. रविवारी प्रार्थनेनंतर मी सगळ्यांसमोर हे वाचून दाखवतो."

"नका वाचू."

"बाई, खरं काय ते लोकांना..."

"आईची लाज राखायला लिहिलंय पोरानं," जेरुशा म्हणाली. "तिकडं एकटा बसून मनाचं रचलंय. शीड खाटेखाली होतं, डीकन. विसरले मी."

डीकननी चष्मा काढला.

"तो परत येईल ना कधी," ती म्हणाली. "मग त्याला गलबत नको का मिळायला?"

डीकननी कागदाची घडी घातली. खिशात ठेवायला गेले, मग थांबले आणि तो टेबलावर तिच्या हाताशी ठेवला. जिना उतरताना ते एकेक पायरी बघून उतरले.

टेकडी मेहुण्याकडेच राहिली. जेरुशाने हिटीबरोबर मिठाच्या वाफ्यांवर काम धरले. पुढे हाताने लिहिलेले वाचायला ती हिटीच्या नातीकडून शिकली, त्यात दोन हिवाळे गेले.

एल्काना डोन १८१० सालच्या सप्टेंबरमध्ये, हॅलिफॅक्सहून जमैकाला जाणाऱ्या गलबतावर, पिवळ्या तापाने वारला. तो सत्तावीस वर्षांचा होता. जेरुशा डोन १८२७ सालच्या फेब्रुवारीत हिटीच्या माडीवर वारली.